हायफाय ऐकवेनासं झालंय? नवं काही घेण्याआधी हे करून पाहा

स्पीकर तेच, ॲम्प्लिफायर तोच, गाणीही आवडतीच. पण लावल्यावर दहा मिनिटांत हात बंद करण्याच्या बटणाकडे जातो. कधी आवाज टोचतो, कधी सगळं सपाट वाटतं, कधी नेमकं काय खटकतंय ते सांगताच येत नाही. अशा वेळी बहुतेक जण संचातला एखादा भाग बदलतात. नव्या वस्तूचं अप्रूप काही आठवडे टिकतं आणि मग पुन्हा तेच सुरू होतं, कारण दुखणं त्या भागात नव्हतंच.

गोडी जाते ती साधारण तीन वाटांनी. संचात काहीतरी गुपचूप बिघडतं, खोलीत काहीतरी हलतं, किंवा कान गाणं सोडून यंत्राकडे लागतो. खालचा क्रम त्याच हिशोबानं लावला आहे. फुकटचे उपाय आधी. एका वेळी एकच बदल करा, तो वहीत टिपून ठेवा आणि दोन-तीन दिवस ऐकल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका. एकदम चार गोष्टी हलवल्या तर गुण कशानं आला ते कधीच कळत नाही.

आधी कान तपासा

दिवसभर गोंगाटात काम केलं किंवा प्रवासात मोठ्या आवाजात इयरफोन वापरले की कान तात्पुरते बधिर होतात. वरचे सूर दबतात, मग आपण आवाज वाढवतो आणि कान आणखी थकतात. म्हणून पहिला उपाय म्हणजे दोन दिवस संच बंद आणि इयरफोनही बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी, कान ताजे असताना ऐका. नेहमीपेक्षा बरं वाटलं तर निम्मं निदान झालं.

गायक मधोमध न उभा राहता एका बाजूला सरकल्यासारखा वाटत असेल तर दोष शोधायची पद्धत अशी: ॲम्प्लिफायर बंद करून मागच्या डाव्या-उजव्या इनपुटच्या पिना अदलाबदल करा. झुकाव दुसऱ्या बाजूला गेला तर दोष प्लेअरमध्ये किंवा त्या केबलमध्ये. तिथेच राहिला तर पिना परत जागेवर लावा आणि ॲम्प्लिफायरच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी बदला. आता झुकाव हलला तर दोष ॲम्प्लिफायरचा. तरीही हलला नाही तर उरतात स्पीकर, त्याची वायर, खोली आणि कान. कानाची शंका हेडफोननं फिटते. निवेदकाचा आवाज लावा, मग हेडफोन उलटा करून घाला. झुकाव त्याच कानाकडे राहिला तर प्रश्न कानाचा आहे. बहुतेक वेळा तो मळ असतो. कापसाच्या काडीनं मळ आत ढकलला जातो, त्यामुळे तो डॉक्टरांकडूनच काढून घ्या. एका कानानं अचानक कमी ऐकू येऊ लागलं असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यात उशिरानं कायमचं नुकसान होऊ शकतं.

काही बिघडलंय का?

सर्वात जास्त सापडणारी चूक म्हणजे एका स्पीकरची वायर उलटी लागलेली असणं. साफसफाई केली, घर बदललं, वायर पुन्हा सोलून लावली की ही चूक होते आणि वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. एक स्पीकर हवा पुढे ढकलत असताना दुसरा मागे ओढतो, म्हणून खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. बेस पातळ होतो आणि गायकाला जागाच उरत नाही, आवाज चहूकडून आल्यासारखा वाटतो. तपासण्यासाठी दोन्ही स्पीकर एक हातावर समोरासमोर ठेवा आणि मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं) ध्वनिमुद्रण लावा. ॲम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट करा, पुन्हा ऐका. ज्या जोडणीत बेस भरदार येतो ती बरोबर. वायरीचा एखादा मोकळा तंतू शेजारच्या टोकाला टेकत नाही ना, हेही याच वेळी बघा. त्या शॉर्टनं ॲम्प्लिफायर जळू शकतो.

मग प्रत्येक स्पीकर-युनिट वेगळं ऐका. पुठ्ठ्याची नळी कानाशी धरून, अगदी हळू आवाजात, आधी ट्वीटर (वरचे सूर वाजवणारं छोटं युनिट) आणि मग वूफर (खालचे सूर वाजवणारं मोठं). जळालेला ट्वीटर गप्प बसतो, तक्रार करत नाही. आवाज ‘मऊ’ झालाय असं वाटत राहतं. वूफरच्या कडेची झालर फोमची असेल तर ती साधारण १५ ते २० वर्षांत आपोआप चुरा होते, वापर कमी असला तरी. रबराची झालर बरीच जास्त टिकते. फोम गेला म्हणून स्पीकर टाकून देऊ नका. नवी झालर चिकटवता येते आणि चांगल्या स्पीकरच्या बाबतीत ते नक्कीच करावं. वूफरच्या मधल्या टोपीभोवती चार बोटं समान ठेवून शंकू दोन-तीन मिलिमीटर हलकेच आत ढकला. खरखर जाणवली तर आतली कॉइल घासते आहे.

संपर्काचे बिंदू काळवंडणं हा दुसरा मोठा चोर. व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना खरखर येते, एक चॅनल मधूनच जातो, स्पीकर ठोकला की परत येतो. वीज काढून घ्या, मागच्या सगळ्या पिना एकदा उपसून पिळत परत बसवा. नॉब आणि सिलेक्टर टोकापासून टोकापर्यंत २० ते ३० वेळा फिरवा. तेवढ्यानं भागलं नाही तर इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा काँटॅक्ट क्लीनर लागतो. घराच्या बिजागरीला मारतो तो स्प्रे इथे चालत नाही, त्याचा तेलकट थर धूळ धरतो. ॲम्प्लिफायरचं झाकण उघडायचा अनुभव नसेल तर उघडू नका. आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही बराच वेळ भारित राहतात.

बटणं नीट वाचा. पुसताना दाबलं गेलेलं मोनो किंवा टेप मॉनिटरचं (टेपरेकॉर्डरकडून आवाज घेणारं) बटण, रिसीव्हरवर अडकलेला ‘हॉल’ किंवा ‘स्टेडियम’ मोड, फोनमधल्या ॲपचा डेटा वाचवणारा कमी दर्जा, कुणीतरी कधीतरी लावून ठेवलेला इक्वलायझर (वेगवेगळ्या सुरांचा जोर कमी-जास्त करणारी सोय): यातलं काहीही पुरेसं आहे. सगळं मूळ जागी आणा.

स्पीकरमधून सतत घूं ऐकू येत असेल तर ती विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झची, किंवा तिच्या दुपटीची गुणगुण असते. एकेक उपकरण ॲम्प्लिफायरपासून सोडवत जा. ज्याची केबल काढल्यावर शांतता होते, तिथे अर्थिंगचं वेटोळं आहे, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगमधून नको तो प्रवाह फिरतो आहे. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतल्यानं ते बऱ्याचदा सुटतं. प्लगची अर्थिंगची पिन कापून गुणगुण घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

रेकॉर्ड ऐकणाऱ्यांनी सुईचे तास मोजावेत. साध्या लंबगोल टोकाच्या सुईचं आयुष्य ३०० तासांच्या आसपास असतं, मायक्रोलिनिअर टोकाचं सुमारे १०००. रोज एक तास ऐकलं तरी पहिली सुई वर्षभरात संपते. ‘स’ आणि ‘श’ फाटायला लागले, विशेषतः रेकॉर्डच्या आतल्या भागात, की समजावं. आणखी वापरली तर ती रेकॉर्डच कापते. रेकॉर्डवर पडणारा सुईचा भार उत्पादकानं सांगितलेल्या मर्यादेत, छोट्या डिजिटल काट्यावर मोजून ठेवा. कार्ट्रिज म्हणजे सुई जिच्यात बसते ती डबी; तिच्या मूव्हिंग मॅग्नेट प्रकाराला बहुधा १.५ ते २.५ ग्रॅम. कमी भार म्हणजे रेकॉर्डवर दया, हा गैरसमज आहे. हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंती खरवडते. सुई मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या बुडाकडून टोकाकडे अशा दिशेनंच ब्रशनं साफ करा. थाळी पाणसळ लावून सपाट करा. सूर किंचित उतरलेले किंवा लहरते वाटले तर थाळी फिरवणारा पट्टा सैल झालाय.

स्पीकर आणि बैठक: सगळ्यात जास्त फरक इथे

हे काम एका सुट्टीच्या दिवशी निवांत करा. घरात फर्निचर हललं, सोफा भिंतीला टेकला, स्पीकर साफसफाईत मागे सरकले, एवढ्यानं महागडा संच बेचव होतो. का ते समजून घेतलं तर हलवाहलव अंदाजपंचे होत नाही.

ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये लाटेची निम्मी लांबी बरोबर मावली की तो सूर खोलीत अडकतो आणि घुमतो. हिशोब सोपा आहे: ३४३ ला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीनं भागा. ३ मीटरला ५७ हर्ट्झ, ४ मीटरला ४३, ५ मीटरला ३४. आणि त्यांच्या दुप्पट-तिप्पट. या सुरांचा जोर भिंतीलगत सर्वात जास्त असतो. खोलीच्या बरोबर मध्यावर मात्र पहिला सूर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून सोफा भिंतीला टेकला की डग्गा घुमत राहतो, आणि मधोमध बसलं की तोच डग्गा पोकळ लागतो. ॲम्प्लिफायर कितीही बदलला तरी यात केसभर फरक पडणार नाही.

१. बैठक आधी ठरवा. बैठकीच्या मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के अंतर ही सुरुवातीची चांगली जागा. ५ मीटरच्या खोलीत १.९ मीटर. एवढी मोकळीक नसेल तर डोकं भिंतीपासून निदान ६०-७० सेंटिमीटर पुढे हवं.

२. दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून कानापर्यंतचं अंतर साधारण सारखं ठेवा. २ मीटर ही मध्यम खोलीत बरी सुरुवात. कानापासूनची दोन्ही अंतरं टेपनं मोजा, १ सेंटिमीटरच्या आत जुळवा.

३. ट्वीटर बसलेल्या कानाच्या उंचीवर आणा, जमिनीपासून ९० ते १०० सेंटिमीटर. कपाटाच्या फळीवर आडवे झोपवलेले स्पीकर उभे करा.

४. स्पीकरचं त्याच्या मागच्या भिंतीपासूनचं अंतर. भिंतीवरून परतलेली लाट थेट लाटेला एका ठरावीक सुरावर मारते: ३४३ भागिले अंतराची चौपट. १ मीटरला ८६ हर्ट्झ, अर्ध्या मीटरला १७१. वूफरच्या मध्यापासून मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन ही तिन्ही अंतरं वेगवेगळी ठेवा. सारखी झाली तर तिन्ही खड्डे एकाच सुरावर पडतात. चिकटपट्टीनं जमिनीवर खुणा करून ५-५ सेंटिमीटरनं पुढे आणा. ऐकताना फक्त बेस गिटारची चढती-उतरती ओळ ऐका. सगळे सूर सारख्या जोराचे ऐकू आले की थांबा. एखादा सूर फुगत असेल किंवा गायब होत असेल तर जागा अजून सापडलेली नाही.

५. शेवटी कोन. आधी दोन्ही स्पीकर थेट कानाकडे वळवा, मग थोडे थोडे बाहेर फिरवा. टोचणं जाऊन गायक अजून मध्ये उभा आहे, तो कोन बरोबर. वरचे सूर फार टोकदार असलेले कितीतरी स्पीकर १०-१५ अंश बाहेर वळवल्यावर ऐकवण्याजोगे होतात.

स्पीकर भिंतीजवळच ठेवावे लागत असतील आणि मागे हवेचं भोक असेल, तर त्यात फोमचा बोळा घाला. बेस थोडा घटतो, पण घुमणं बरंच आटोक्यात येतं.

खोलीचं ऐकणं

बैठकीच्या जागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून झर्र असा धातूसारखा आवाज आला तर दोन उघड्या भिंती आवाजाचा चेंडू खेळत आहेत. उपाय साधे आहेत: जाड गालिचा, भरलेलं पुस्तकांचं कपाट, चुण्यांचा पडदा. बाजूच्या भिंतीवर कुठे लावायचं ते आरशानं कळतं. तुम्ही बैठकीवर बसा, दुसऱ्या कुणाला आरसा भिंतीवर सरकवायला सांगा. ज्या ठिकाणी आरशात ट्वीटर दिसतो तिथून पहिलं परावर्तन येतं.

इथे नवखे एक चूक हमखास करतात: पातळ फोमच्या चौकटींनी सगळ्या भिंती भरतात. शोषकाची जाडी लाटेच्या पाव लांबीच्या आसपास असेल तरच तो नीट शोषतो. २.५ सेंटिमीटर फोमला ती पाव लांबी ३४०० हर्ट्झच्या जवळ गाठते. त्याखाली त्याचं काम झपाट्यानं ढासळतं. म्हणजे झिलई जाते आणि घुमणारा बेस तसाच राहतो. खोली कोंदट आणि मेलेली वाटते. त्याऐवजी १० सेंटिमीटर जाडीचे दोन-तीन खनिज लोकरीचे शोषक नेमक्या जागी लावलेले कितीतरी उपयोगी.

मोजायची तयारी असेल तर एक यूएसबी मापन-मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. २० ते २०० हर्ट्झचा आलेख बघा. उंचवटे इक्वलायझरनं कापा. खड्डे भरायला जाऊ नका: १० डेसिबलनं वाढवायला दहापट पॉवर लागते, आणि जो सूर परावर्तनानं मारला जातोय तो कितीही ओतला तरी तितकाच मारला जातो. खड्ड्याला औषध एकच, स्पीकर किंवा बैठक हलवणं.

आवाज किती?

माणसाच्या कानाला हळू आवाजात खालचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणजे रात्री शेजाऱ्यांना जपून लावलेल्या संगीतात बेस पातळ वाटणं हा संचाचा दोष नव्हे. जुन्या ॲम्प्लिफायरवरचं लाउडनेसचं बटण याचसाठी होतं. हळू ऐकताना ते दाबा, मोठ्यानं ऐकताना काढा. टोन कंट्रोल वापरणं म्हणजे पाप, ही समजूत काढून टाका. ऐकवत नसलेलं गाणं ट्रेबल (वरचे सूर) दोन डेसिबल उतरवून ऐकवत असेल तर तेच बरोबर.

दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ८० डेसिबलनं ४० तास ही प्रौढांसाठी मर्यादा मानते. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. एकदा फोनवरच्या मापकानं आपली नेहमीची पातळी बघून ठेवा.

ध्वनिमुद्रणाचा दोष संचाला लावू नका

१९९० नंतर कितीतरी अल्बम इतके दाबून, इतक्या चढ्या पातळीला तयार केले गेले की त्यात हळू आणि मोठा असा फरकच उरला नाही. जुन्या अल्बमच्या ‘रीमास्टर’ आवृत्त्यांचंही अनेकदा असंच झालं. असं संगीत चांगल्या संचावर जास्त दमवतं, कारण कानाला विसावा मिळत नाही. आवडता अल्बम टोचत असेल तर त्याची आधीची आवृत्ती मिळवून ऐका. तुलना करताना दोन्हींचा आवाज कानानं सारखा करा, नाहीतर जी मोठी तीच क्षणभर चांगली वाटते.

कान यंत्रावरून गाण्यावर आणणं

एवढं करूनही मन लागत नसेल तर दोष सवयीत आहे, आणि तो खरा दोष आहे, मनाचे खेळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. ज्यांनी संच उभारताना खूप तुलना केल्या त्यांना हा हमखास होतो. झांजेची किणकिण, गायिकेचा श्वास, गायक-वादक पुढे-मागे उभे असल्याचा भास देणारा ‘रंगमंच’: तपासणीचे तेच तुकडे शंभरदा ऐकले की मेंदू गाण्यात दोष हुडकायला शिकतो आणि ते थांबवायचं विसरतो.

महिनाभर असं करून बघा. तपासणीची गाणी बाजूला ठेवा, अगदी आवडती असली तरी. संचाला हात लावायचा नाही, उपकरणांची परीक्षणं वाचायची नाहीत. रोज एकच अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत, फोन दुसऱ्या खोलीत. मधलं गाणं नावडतं असलं तरी पुढे ढकलायचं नाही. काय लावायचं ते आठवड्यातून दोनदा घरातल्या दुसऱ्या कुणाला ठरवू द्या. नेमक्या त्रिकोणाच्या टोकावर बसायचंच असंही नाही. शेजारच्या खोलीत काही काम करत, दार उघडं ठेवून ऐका. तिथे ‘रंगमंच’ नसतो, पण लय आणि चाल पोचते. ती पाय हलवत असेल तर संच त्याचं काम करतोय. आणि जमेल तेव्हा माईक-स्पीकरशिवाय वाजणारं वाद्य प्रत्यक्ष ऐका. प्रत्यक्षातला पियानो किंवा व्हायोलिन संचापेक्षा कमी ‘चकचकीत’ असतं हे लक्षात आलं की अपेक्षा ताळ्यावर येते.

मग खरेदी करायचीच असेल तर

आवाजाचा पोत सर्वात जास्त बदलतात ते स्पीकर. त्यानंतर रेकॉर्ड ऐकत असाल तर कार्ट्रिज. ॲम्प्लिफायर पुरेसा दमाचा असेल तर तो शेवटी. केबलमध्ये २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची साधी वायर ५ मीटरपर्यंत ८ ओहमच्या स्पीकरला भरपूर होते. जाऊन-येऊन तिचा रोध ०.०७ ओहमच्या आसपास भरतो.

दोन ॲम्प्लिफायरची तुलना करताना पातळी जुळवा: १०० ते ४०० हर्ट्झचा स्थिर सूर वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरनं एसी व्होल्टेज मोजा. २.०० आणि २.०५ व्होल्ट म्हणजे ०.२ डेसिबल, फरक याच्या आत आणा. स्पीकर घरी आणून, आधी ठरवलेल्या जागी, निदान दोन आठवडे ऐका. त्यातला पहिला आठवडा नव्याच्या नवलाईचा धरा. दुसऱ्या आठवड्यात सुमार ध्वनिमुद्रणाचे, पण मनापासून आवडणारे तीन-चार अल्बम लावा आणि किती शेवटपर्यंत ऐकून झाले ते वहीत लिहा. अर्ध्यातच बंद होत असतील, तर दुकानात ते कितीही लख्ख वाजले असले तरी परत करा.